तळहातावरचे तीन सेकंद

सगळं गोदाम तिला गोगलगाय म्हणायचं. तीही हसून म्हणायची, "असू दे रे बाबांनो, गोगलगाय घरी तर पोचते ना!" औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरायचं काम, एकोणीस वर्षं. भरण्याआधी प्रत्येक बाटली तळहातावर उलटी धरायची तिची खोड. हात ओला झाला, तर झाकण सैल. ती बाटली बाजूला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिनं कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे, म्हणे! इथंच फसली.

कारण मग कंपनीनं मनगटाला बांधायचं यंत्र आणलं. हात थांबला की ते सेकंद मोजायचं. सेकंद फार झाले म्हणून तीन आठवडे नावापुढे लाल खूण आली, की नोकरी गेली. कामावरून काढल्याची चिठ्ठीसुद्धा यंत्रच काढणार, साहेबाला तोंड उघडायचीही तसदी नाही. काय सोय आहे बघा! दोन लाल खुणा झाल्या आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी. कमावणारी ती एकटी.

तिसऱ्या आठवड्यात एक चष्मेवाली स्टूल घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली. यंत्राचा प्रोग्रॅम हिनंच लिहिलेला. कुणाला काढायच्या आधी त्याचं काम स्वतः बघणार, असा तिचा हट्ट. गोगलगायीनं तरी पुढची बाटली तळहातावर उलटी धरलीच.

"मावशी, बाटली उलटी कशाला धरता?"

"सवय हो. गळत असली तर कळतं. आजारी माणसाच्या घरी जायची ना ती."

चष्मेवाली दिवसभर बसली. सात बाटल्या गळक्या निघाल्या. तिनं जुन्या तक्रारी काढून पाहिल्या, तर या टेबलावरून गेलेल्या मालाची एकही नाही.

संध्याकाळी सगळ्यांदेखत ती साहेबाला म्हणाली, "मावशी तपासत होत्या, तो वेळ मी आळस म्हणून धरला. चूक माझी आहे."

"अहो, पण वेग?"

"गळकं औषध वेगानं पोचवून काय करणार, साहेब?"

साहेबानं डोकं खाजवलं. सोमवारपासून प्रत्येक बाटलीला तपासणीचे तीन सेकंद, सगळ्यांनाच. आणि माणसानं पाहिल्याशिवाय कुणाची चिठ्ठी निघणार नाही. भलं होवो त्या बाईचं!

एकोणीस वर्षांत चूक नेहमी खालच्याचीच निघायची. वरचं माणूस "चूक माझी" म्हणताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं. घरी जाऊन नवऱ्याला तिनं ते वाक्य तीनदा म्हणून दाखवलं, डोळे पुसत. नोकरी वाचली, हे सांगायचं राहूनच गेलं.