खोकल्यामागचं दुखणं
फिनाईलचा वास आला की मला करडी गावाकडचा सरकारी दवाखाना आठवतो. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. खोकला आला की सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आत्याबाईंचं, लुगडं ओलं व्हायचं. त्यांनी रोवणीला, धानाची रोपं लावायला, जाणं सोडलं होतं आणि मला बजावलं होतं, "कोनाले सांगशीन तं तुह्यासंग बोलनार नाही." त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना त्यांनी नुसता खोकलाच सांगितला. मागे माझे यजमान उभे, दारात गर्दी. बाई औषध लिहू लागल्या. तेवढ्यात मी बाईंच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाई, आत्याबाईले लघवी आवरत नाही." सासूबाईंनी ते ऐकलं आणि माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. बाईंनी सगळ्यांना बाहेर पाठवून दार लावलं. "आजी, हे पुष्कळ बायांना होतं. कमी करता येतं," म्हणत लघवी रोखताना आवळतो ती जागा रोज कशी आवळायची, ते त्यांनी शिकवलं. घरी येताना सासूबाई मला मागे टाकून पुढे चालत राहिल्या. पुढच्या पावसाळ्यात मात्र त्या माझ्या शेजारी धानाच्या बांधीत उतरल्या आणि रोवता रोवता हळूच म्हणाल्या, "बरं झालं, तू सांगतलं." परवा खोकताना माझंही पातळ भिजलं. मी उभी होते तिथूनच सुनेला हाक मारली आणि सांगून टाकलं.