रांग समज

दुखणं खरं की मनाचं, यावर बोलायला एकच पात्रता लागते. स्वतःचं काही दुखत नसावं. माझा मेहुणा त्या बाबतीत पूर्ण पात्र आहे. कुठल्याशा ध्यानाच्या शिबिराला जाऊन आल्यापासून तो आमच्याकडे चहाला बसला की सांगतो, "वेदना येते, वेदना जाते, आपण फक्त बघायचं." मध्यंतरी त्याची अक्कलदाढ ठणकली, तेव्हा तो काहीही बघत नव्हता. गादीवर लोळत होता आणि पाणी आणून देणाऱ्या बायकोवर खेकसत होता.

त्याला हसायला मला आवडतं. पण मी दुसऱ्या टोकाचा शहाणा. परळच्या एका इस्पितळात मी एक्स-रे काढतो. हाडात असेल तर दुखतं, नसेल तर नाटक, एवढ्या भांडवलावर नोकरीतलं सगळं आयुष्य काढलं. आता सगळं कॉम्प्युटरवर दिसतं, तरी आम्ही फिल्मच म्हणतो. पेशंट कण्हायला लागला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. आधी फिल्म येऊ दे, मग ठरवू याला किती कण्हायचा हक्क आहे ते.

एकदा माहीमच्या कोळीवाड्यातली एक मावशी आली होती. हातगाडीचा धक्का लागला म्हणून मुलाने जबरदस्तीने आणलेली. फिल्म बघितली तर गुडघ्यात फट उरलीच नव्हती, हाड हाडावर बसलेलं.

"मावशी, चालता कशा?"

"पायानं," मावशी म्हणाली.

"दुखत नाय?"

"तुझं काय ते लवकर आटप. मासळीवरचा बर्फ वितळतोय माझा."

त्याच दुपारी एक कॉलेजातला पोरगा आला, गुडघा नव्या भांड्यासारखा स्वच्छ, आणि डोळ्यांतून पाणी. दोन्ही फिल्म माझ्यासमोर एकाच पडद्यावर होत्या. कुणालाही कळलं असतं की चित्राचं आणि दुखण्याचं जमतंच असं नाही. मला कळलं नाही. मी मावशीचं कौतुक केलं, आणि पोरगा गेल्यावर तो कसा लंगडत होता ते सगळ्यांना करून दाखवलं. हशा चांगला मिळाला.

हे सगळं सांगतोय ते बायकोसाठी. मी कमी बोलणारा माणूस, आणि माझ्या कमी बोलण्यात एक वाक्य असं निघालं की तेवढं एक गिळता आलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही लालबागला तिसऱ्या मजल्यावर राहतो. चाळीला लिफ्ट नाही. बिल्डर येणार येणार म्हणून मीटिंगा होतात, त्यात चहा होतो. बायकोचे गुडघे जिन्यावर दुखायला लागले तेव्हा मी तिला आमच्याच खात्यात नेलं. मीच तिला उभं केलं, मीच गुडघा सरळ धरायला सांगितला, मीच बटण दाबलं. रिपोर्ट आला, वयाप्रमाणे झीज.

"काही नाही त्यात," मी म्हणालो.

"फोटोत नसेल," ती म्हणाली. "गुडघ्यात आहे."

मी त्यावर नुसता हसलो. तज्ज्ञ माणूस हसतो तसा.

मग गणपती आले. आमच्या मुलीचं दोनदा पोटातच गेलं होतं, तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, नीट. बायकोने त्यासाठी नवस बोलला होता की नवसाच्या रांगेत उभी राहून पायांवर डोकं ठेवीन. "जिना चढवत नाही आणि रांगेत उभी राहणार?" मी म्हणालो. ती गेली. दुपारची गेलेली दुसऱ्या दिवशी दुपारी आली. केस विस्कटलेले, पदराला हार-फुलांचा वास, हातात प्रसाद, आणि चेहरा असा की मला जरा रागच आला.

"काय मग, पाय?"

"काही नाही झालं पायांना."

मला हवा तो पुरावा तिने स्वतःच्या तोंडाने दिला. रांगेत दिवसभर, रात्रभर दुखत नाही, आणि तीन मजल्यांच्या जिन्यावर दुखतं! आमच्या मजल्यावरच्या वहिन्यांनाही मी हे ऐकवलं. त्या म्हणाल्या, "ही त्याची कृपा." मेहुणा म्हणाला, "बघा, सगळं मनाचं." देव आणि ध्यान आणि एक्स-रे, तिघांचं कधी नव्हे ते एकमत झालं, आणि तेही माझ्या बायकोविरुद्ध.

त्यानंतर ती जिन्याच्या वळणावर भिंतीला हात लावून थांबली की मी मागून म्हणायचो, "रांग समज."

पहिल्यांदा ती हसली होती. ते हसणं मी परवाना म्हणून वापरलं, जवळजवळ वर्षभर.

ती हळूहळू दुखण्याबद्दल बोलायची थांबली. मग खाली जायची थांबली. भाजीला दोरीने पिशवी सोडायला लागली. उन्हाचं कोण जातं, आज वार चांगला नाही, मालिका चुकेल. कारणं इतकी फालतू असायची की ती खोटी आहेत हे कळायला अक्कल लागत नव्हती. मी ती खरी मानली. घरात शांतता होती, आणि मला शांतता आवडते.

मुलगी माहीमला राहते. बाळाला घेऊन सुरुवातीला येत राहिली, मग तिलाही वाटायला लागलं की दरवेळी मीच का. एकदा फोनवर म्हणाली, "बाबा, आई का येत नाही? खरं सांगा."

बायको समोरच बसून भिजवलेले वाल सोलत होती.

"कंटाळा करते," मी म्हणालो. "तुला माहीत आहे तिचं."

"वा. नवस बोलायला उत्साह, नातीला बघायला कंटाळा. सांगा तिला, नात तिला ओळखत नाही."

मी फोन ठेवला. बायकोने मान वर केली नाही. वालाची सालं एका बाजूला, डाळिंब्या एका बाजूला.

"असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू?"

"काही नाही," ती म्हणाली.

मला माहीत होतं काय सांगायचं ते. पण तिला दुखतं असं मुलीला सांगितलं असतं, तर ते मला माहीत आहे असं झालं असतं. मग इतके दिवस काय करत होता, हा पुढचा प्रश्न. त्यापेक्षा आई आळशी ठरलेली मला चालली. दुसऱ्याचं दुखणं सहन करण्यात मी पहिल्यापासून खंबीर.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला मात्र बायको निघाली. ठेवणीतली साडी नेसली, स्वतः शिवलेलं झबलं पिशवीत घातलं. एक मजला उतरली आणि वळणावर थांबली. हात भिंतीवर. मी मागे होतो, तोंड उघडलं होतं, सवयीने.

"बोलू नका," ती म्हणाली. "समजते."

आणि वळून वर जायला लागली. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाली, "सांगा, डोकं दुखतंय. त्याचा फोटो निघत नाही ना?"

मी एकटा गेलो. मुलीने झबलं बाजूला ठेवलं, उघडलंसुद्धा नाही. मी केक खाल्ला. दुसरा तुकडा देखील खाल्ला.

पुढच्या आठवड्यात मी तिला दादरच्या एका ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. ती जिना उलटी उतरली. तोंड पायऱ्यांकडे करून, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, लहान मूल पलंगावरून उतरतं तशी. समोरून एक शेजारी वर येत होता, तो म्हणाला, "काय वहिनी, नवीन व्यायाम?" त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, आणि ते मला फार विनोदी वाटलं असतं.

डॉक्टरांनी फिल्म बघितली. आमच्याकडे बघायला त्यांना वेळ लागला. "फार काही नाही यात. वय आहे, थोडं वजन आहे. किती दुखतं, बाई?"

तिने माझ्याकडे बघितलं.

"नाही तसं फारसं."

"मग आलात कशाला?"

"खोटं सांगतेय," मी म्हणालो. "दुखतं तिला."

"तुम्ही तर एक्स-रेवाले ना?" डॉक्टर पडद्याकडे बोट करून म्हणाले. "दाखवा बघू मला, कुठे?"

"यात नाही दिसत."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

हा माझाच प्रश्न होता, माझ्याच आवाजातला. मी म्हणालो की ती उलटी उतरते. रात्री कूस बदलताना आधी हाताने पाय उचलून ठेवते. ओट्याशी उभी असताना सगळं वजन एकाच पायावर देते, आणि मी आत आलो की दोन्ही पायांवर उभी राहते. नात झाली तेव्हापासून तिच्या घरी एकदाही गेलेली नाही. मी बोलत होतो आणि बायको माझ्याकडे टक लावून बघत होती. कारण हे सगळं मी बघत होतो, पहिल्यापासून, हे तिला आता कळलं.

डॉक्टर सुस्कारा टाकून उठले आणि त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. वाटीच्या आतल्या बाजूला दाबलं. तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण तिची नखं माझ्या मनगटात रुतली. मला वाटलं, निदान आता मला कळेल, तिला किती दुखतं. कळलं नाही. मला माझं मनगट कळलं, तेवढंच.

त्यांनी व्यायाम लिहून दिला, गोळ्या दिल्या, पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली, आणि जिना टाळा म्हणाले. तिसरा मजला आहे म्हटल्यावर ते घड्याळाकडे बघायला लागले.

घरी येताना ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसली. मी खालच्या पायरीवर बसलो.

"त्या रांगेत खरंच नव्हतं दुखलं?"

"जीव जात होता."

"मग मला 'काही नाही झालं' असं का म्हणालीस?"

"तुम्ही विचारलंत कसं ते आठवा," ती म्हणाली. "रांगेत माझ्या पुढे करीरोडची एक होती, मागे नाशिकची. आळीपाळीने एकमेकींवर रेलायचो. नाशिकची सारखी म्हणायची, बाई गं, मेले. आम्ही म्हणायचो, आम्ही पण. खरंच मेलीस का, असं कोण विचारतंय तिथं."

मी तिथूनच मुलीला फोन लावला. आईचे गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही तिला, कंटाळा वगैरे काही नव्हतं, ते मी रचून सांगितलं होतं, असं एका दमात सांगितलं. पलीकडे बाळ काहीतरी आपटत होतं.

"आणि ती तिथे बसून ऐकत होती?" मुलगी म्हणाली. "तुम्ही सांगताना?"

"हो."

तिने फोन ठेवला. मला वाटलं होतं रडेल, आईला फोन द्या म्हणेल. सत्य सांगितलं की लगेच काहीतरी मिळतं अशी माझी समजूत होती. त्या मेहुण्याच्या शिबिराइतकीच बावळट.

"काय म्हणाली?" बायकोने विचारलं.

"ठेवला."

"येईल," ती म्हणाली, आणि कठडा धरून उठायला लागली.

"थांब जरा. बस अजून."

"बसून काय जिना संपतो?" तिने वरच्या पायरीवर पाय ठेवला. "रांग समजायची."

ती पुढे होती, मी मागे. हसत होती का, ते मला दिसलं नाही.