अठ्ठावीस दिवसांचा महिना

"झालं का लगेच?" एवढंच मी म्हणालो होतो. तीन शब्द. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मिरजगावहून फोन करून सांगितलं होतं की रिचार्ज आज संपतोय. मी नगरला, सावेडीतल्या घरी जेवायला बसलो होतो, तोंडात घास होता, आणि हे बोललो. नंतर रिचार्ज मारला, नाही असं नाही. पण त्या दिवसानंतर आण्णांनी मला कधीही रिचार्ज मारायला सांगितलं नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि याच्या पुढचं तर नाहीच नाही.

आण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. उसाची गाडी काट्यावर चढली की नंबर बघायचा, वजन लिहायचं, पावती फाडायची. उभा जन्म त्यात गेला. आमच्याकडे वजन कमी दाखवण्याला 'काटा मारणं' म्हणतात आणि काट्यावरच्या माणसाला याहून वाईट शिवी नाही. ती आण्णांना कुणी दिली नाही, एवढीच त्यांची कमाई. निवृत्त झाले त्या दिवशी जी पेन्शन ठरली तीच आजही मिळते. सरकारी माणसाची पेन्शन महागाईबरोबर वाढते, कारखान्यातल्या माणसाची वाढत नाही. मधल्या काळात गॅस वाढला, तेल वाढलं, लाइटबिल वाढलं, रक्तदाबाची गोळी वाढली. त्यांची पेन्शन जिथे बसवली तिथेच बसून आहे.

त्यांच्याकडे बटणांचा फोन होता आणि तो चांगला चालला होता. तो काढून घेऊन मोठा फोन त्यांच्या हातात दिला तो मीच. "आण्णा, नेट आता जवळजवळ फुकटच आहे," मी म्हणालो, जणू काही माझ्या खिशातून वाटत होतो.

"फुकट का देत्यात?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. आता ते हसणं आठवलं की माझंच थोबाड रंगवावंसं वाटतं. मला जे कळायला काही वर्षं लागली ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. आधी गॅसचं बुकिंग त्या नंबरला बांधलं, मग बँक, मग पेन्शन, मग रविवारी पुण्याहून माझी मुलगी आजीला व्हिडिओवर तोंड दाखवते तेही. सगळं नीट बांधून झालं आणि मग दर वाढायला लागले. एकदा वाढले, परत वाढले. आणि नुसता फोन घ्यायचा म्हटलं तरी रिचार्ज हवाच. नाहीतर आधी जाणारे फोन बंद, मग येणारेही बंद. म्हातारा माणूस स्वतःच्या घरात बसून कुणी हाक मारायची वाट बघणार, तर त्याचेही पैसे.

एकदा मी गावी गेलो असताना आण्णांनी आईला विचारलं, "वर्साला म्हैने किती?"

"आता ते बी इसरला का?" आई भाकरी थापत म्हणाली.

"बारा. आन् ह्यांचे तेरा. अठ्ठावीस दिसांचा म्हैना करून वर्साकाठी एक म्हैना वरचा काढत्यात. आमच्यात ह्याला काटा मारनं म्हनत्यात."

"मंग जावा की, पावती फाडून द्या त्यांना."

आण्णा हसले. मीही हसलो. ते मला काही सांगत होते, हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी विषय बदलला.

त्यानंतर कधीतरी त्यांचा फोन लागेनासा व्हायला लागला. दोन-तीन आठवडे बंद, मग चालू, मग परत बंद. चालू झाला की सांगायचे, "रेंज न्हवती." आमच्या घराच्या पत्र्यावरून मोबाईलचा टॉवर दिसतो. रेंज नसणार कशी? पण मी ते खरं मानलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं. माझ्या घरात फायबरचं नेट आहे, टीव्हीवर मालिका बघायचे पैसे वेगळे आहेत, मुलाचे गेमचे वेगळे. ते कापले जातात तेव्हा मी एकदाही "झालं का लगेच" म्हणालेलो नाही.

आता पुढचं.

नोव्हेंबरातली गोष्ट. मी दुपारी बँकेचं काम उरकून स्कूटरवरून एमआयडीसीतल्या कंपनीत परत चाललो होतो. सावेडीत एक सेवा केंद्र आहे, तिथे पेन्शनवाल्यांचे, आमच्या गावाकडच्यांचेही, हयातीचे दाखले काढतात. माणूस जिवंत आहे असं दरवर्षी सिद्ध करावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. त्या केंद्राच्या पायरीवर आण्णा बसले होते. टोपी, मांडीवर पिशवी, आणि दोन्ही हातांनी फोन समोर धरलेला. फोनकडे बघत बसले होते.

मला एका क्षणात सगळं कळलं. दाखल्यासाठी मोबाईलवर ओटीपी यावा लागतो. रिचार्ज नाही म्हणजे ओटीपी नाही. आणि हेही कळलं की हा माणूस माझ्या घरापासून दहा मिनिटांवर येऊन बसलाय आणि त्याने मला कळवलेलं नाही. थांबलो असतो तर पाच मिनिटांचं काम होतं. पण थांबलो असतो तर त्यांच्या डोळ्यांकडे बघावं लागलं असतं. मी स्कूटर शेजारच्या गल्लीत घातली.

संध्याकाळी घरी येतीलच, असं मी स्वतःला सांगितलं. आले नाहीत. मी फोनही केला नाही. केला असता तर तो लागला नसता, हे माहीत असल्यामुळे मला बरंच वाटलं. इतका मी घसरलो होतो.

जानेवारीत आईने शेजारणीच्या फोनवरून फोन केला. "पेन्शन आली न्हाई. त्यांनी गोळी एक दिसाआड केलीया. मी सांगितलं असं म्हनू नको."

मी रजा टाकून मिरजगावला गेलो. आधी त्यांच्या नंबरवर रिचार्ज मारायला निघालो. "वर्षाचाच मारतो," मी म्हणालो.

"नको. मधीच मी गेलो तर ऱ्हायलेले दिस परत देत्यात का?"

मला संताप आला. त्यांचा नाही, पण सापडले तेच. "आण्णा, सांगायला काय झालं होतं?" मी जवळजवळ ओरडलो. आई आतून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. मी शेवटी अठ्ठावीस दिवसांचाच रिचार्ज मारला. आण्णांनी टोपी घातली आणि चला म्हणाले.

नगरला एसटीने आलो. पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटी फुकट. आण्णांनी कंडक्टरला कार्ड दाखवलं, तेही ऐटीत. आणि मी खिडकीशी बसून मनातल्या मनात शिव्या देत होतो. साठ किलोमीटर फुकट जाता येतं, पण आपण जिवंत आहोत हे सांगायला पैसे लागतात. आणि ते पैसे कशातून? ज्या पेन्शनसाठी जिवंत आहे हे सांगायचं, त्याच पेन्शनमधून. ही रचना ज्याने कुणी केली त्याला कधी आपल्या बापाचा फोन लागेनासा झाला नसावा. किंवा झाला असेल, आणि तोही माझ्यासारखाच गल्लीत वळला असेल.

काउंटरवरच्या मुलीने आण्णांना ओळखलं. "काका, तुम्ही मागे आला होता ना? ओटीपी येत नव्हता तुमचा." मग माझ्याकडे वळली. "मी म्हटलं होतं यांना, मुलाला बोलवून घ्या. तर म्हणाले, मुलगा परगावी असतो."

ओटीपी लगेच आला. आण्णांनी एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला, काट्यावर वाचायचे तसा, ठाशीव. मग मुलीने फोनचा कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर धरला आणि डोळे मिटून उघडायला सांगितलं. त्यांनी मिटले, उघडले. झालं. सरकारदरबारी आण्णा जिवंत झाले. थकलेली पेन्शन मिळेल, म्हणाली, थोडे दिवस लागतील.

बाहेर आलो. त्याच पायरीवर आण्णा टेकले. मी उभाच होतो.

"आण्णा, त्या दिवशी मी इथून गेलो होतो. तुम्ही इथं बसला होता. मी बघितलं होतं."

ते फोन पिशवीत ठेवत होते. नीट ठेवला, पिशवीचं तोंड दुमडलं.

"म्हायती हाय," ते म्हणाले. "नंबर वाचला मी."

जन्मभर गाड्यांचे नंबर वाचलेला माणूस. मी गल्लीत वळलो तेव्हा माझी पाठ आणि मागची नंबरप्लेट त्यांच्याकडे होती, हे मला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. ते वाचून ते उठले होते, आत गेले होते, आणि त्या मुलीला म्हणाले होते की मुलगा परगावी असतो.

मी वाट बघत राहिलो. त्यांनी मला काहीही बोलावं, चारचौघांत बोलावं, असं मला फार वाटत होतं. तेवढा तरी माझा हक्क आहे असं वाटत होतं.

"मागच्या चाकात हवा कमी हुती," आण्णा म्हणाले. "भरली न्हवं मंग?"