फलाटावर सापडलेला दहावा माणूस

आमचं रेकॉर्डिंग सोमवारी असतं, कारण सोमवारी अक्कांचा घाणा बंद असतो. बाकीचे सहा दिवस मशीनच्या आवाजात आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत त्यांचं तेलाचं दुकान आहे, मागं घाणा आणि त्याच्या मागं शेंगदाण्याचं गोदाम. घराणं मूळचं मंद्रूपचं, लिंगायत. घरात कन्नड आणि गिऱ्हाइकाशी मराठी. मी दोन गल्ल्या सोडून राहते. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळं पेठेतली निम्मी माणसं मला नुसतं बाई म्हणतात, अक्काही तेच म्हणतात. मी बेने इस्राएल आहे, म्हणजे मराठी ज्यू. लहानपणी रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये आमची सात-आठ घरं होती. एकेक करून सगळी गेली, कोणी मुंबईला, बहुतेक इस्राएलला. आता माझ्या माहितीत माझं एकच घर उरलंय आणि त्यात मी एकटीच राहते.

निवृत्तीनंतर मी दुपारी दुकानात जाऊन बसू लागले. एकदा बोलता बोलता सांगितलं की कोकणात आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावची माणसं आम्हाला शनवार तेली म्हणत. अक्का डबा भरत होत्या. हातातलं माप खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "मग आमी सोमवार तेली. सोमवारी नंदीला जुंपायचं न्हाय." बैल जाऊन मशीन आलं त्याला किती वर्षं झाली, पण मशीनलाही सोमवारची सुट्टी आहे.

त्यांच्या सूनबाई भाकरी थापताना फोनवर पॉडकास्ट लावतात. त्या म्हणाल्या, तुम्ही दोघी रोज एवढं बोलता, ते फोनमध्ये बोला की, लोक ऐकतील. मला हे हास्यास्पद वाटलं. अक्कांना वाटलं नाही. त्यांनी विचारलं, नाव काय ठेवायचं, आणि मीच म्हणाले, शनवार-सोमवार.

शेंगदाण्याच्या पोत्यांमध्ये आवाज छान येतो, अजिबात घुमत नाही. दोन खुर्च्या, पदराला लावायचे दोन छोटे माईक आणि माझा फोन, एवढंच सामान. काटछाट मी स्वतः शिकले. पहिले काही भाग आमच्या सणांवर केले, कारण त्यांची नावं ऐकून माणसं चकित होतात: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफाळणीचा सण. हिब्रू नावं आम्हाला फार उशिरा कळली. दारफाळणीला दिवसभर उपास करून घरात बसायचं, दार लावून घ्यायचं. अक्कांनी विचारलं, दूधवाला आला तर? आमच्या घरी त्या दिवशी दूधवाला येत नव्हता, पण का येत नव्हता, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पॉडकास्टचा खरा आनंद तिथं सुरू झाला असं मला आता वाटतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांना प्रश्न विचारले आणि उत्तरं तपासली. आता कोणीतरी मला विचारत होतं, आणि त्या बाईला उत्तराची घाई नव्हती.

विनोदाचं मात्र आमचं जमत नव्हतं. आमच्या लोकांचा विनोद स्वतःवरच असतो. माझे वडील रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. एकदा खानेसुमारीचा माणूस आला. धर्म विचारला, वडिलांनी सांगितला. त्याला कळेना. ख्रिश्चन का? नाही. मुसलमान? नाही. पारशी? नाही. शेवटी त्यानं 'इतर' असं लिहिलं. त्यानंतर वडील नातेवाइकांना लिहिलेल्या पत्राखाली 'आपला नम्र, इतर' अशी सही करायचे. हे मी सांगितलं तेव्हा अक्का गंभीरपणे म्हणाल्या, "त्या माणसानं नीट विचारून घ्यायला पायजे हुतं." ऐकणाऱ्यांना माझ्या विनोदापेक्षा अक्कांचं हे बोलणं आवडलं. बऱ्याच जणांनी तसं लिहून कळवलं. अधूनमधून, इस्राएलमधल्या युद्धाच्या बातम्या असल्या की, कोणीतरी भागाखाली कडवट काही लिहून जातं. त्याला आम्ही उत्तर देत नाही.

वडिलांची सगळ्यात आवडती गोष्ट मी विसाव्या की एकविसाव्या भागात सांगितली. माझी आई मी आठ वर्षांची असताना गेली. तिच्या वर्षाच्या दिवशी घरी प्रार्थना होती. आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय मृतासाठीची प्रार्थना म्हणता येत नाही. सोलापुरात तेव्हा मोजून दहा होते, पण त्यातला एक आजारी पडून पुण्याला गेला होता. वडील धरून नऊच जण जमले. वडील उठले आणि तडक स्टेशनवर गेले. फलाटावर एक माणूस ट्रंकेवर बसला होता. ट्रंकेवर रंगानं नाव लिहिलेलं, अगदी आमच्यातलंच. त्याच्या गाडीला तीन तास होते. वडिलांनी त्याला ट्रंकेसकट टांग्यात घातलं आणि घरी आणलं. वडील म्हणायचे, देवानं माणूस पाठवला तोही सामानासकट, म्हणजे परत जायची घाई नको.

दर वेळी गोष्ट इथं संपायची आणि सगळे हसायचे. अक्कांनी विचारलं, "मग त्या माणसाचं पुढं काय झालं?"

मी म्हणाले, काय होणार, प्रार्थना झाली आणि तो गेला.

"गेला कुटं? कोण हुता? परत कवा आला न्हाय व्हय?"

मला काही माहीत नव्हतं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात आत्याजवळ होते, मलिद्याचे, म्हणजे प्रार्थनेनंतरच्या प्रसादाचे, पोहे आणि खोबरं कालवत. बाहेरच्या खोलीतली पायांची रांग तेवढी आठवते. काटछाट करताना मी अक्कांचे प्रश्न काढणार होते, पण शेवटी ते तसेच राहू दिले.

तीन आठवड्यांनी इस्राएलमधल्या अश्दोदहून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाजी निरोप आला. वय पंच्याऐंशी, असं त्यांनीच सुरुवातीला सांगितलं. तरुणपणी ते सोलापूरला इंजिनावर फायरमन होते. इस्राएलला जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली होती, तरी त्यांची मराठी जशीच्या तशी होती, माझ्या लहानपणी रेल्वे क्वार्टर्समध्ये बोलायचे तशी. ते म्हणाले, बाई, त्या नवांपैकी मी एक होतो. तुमची मैत्रीण सारखी विचारते ना, पुढं काय, पुढं काय; ते ऐकून मला राहवेना.

प्रार्थना व्यवस्थित झाली, असं त्यांनी सांगितलं. पाहुण्यानं डोक्यावर रुमाल टाकला होता. सगळ्यांनी आमेन म्हटलं की तोही म्हणायचा, जरा मोठ्यानंच. मग मलिद्याच्या बश्या आल्या. पाहुण्यानं खाल्लं, चांगलं झालंय म्हणाला, आणि अदबीनं विचारलं, "तुमचे पाळक कुठं राहतात?"

पाळक हा शब्द आमच्यात नाही. तो ख्रिस्ती लोकांचा. ट्रंकेवरचं नाव बायबलातलं होतं, त्यामुळं ते त्यांच्यातही असतं. वडिलांनी नाव वाचलं आणि बाकी काही विचारलंच नाही. तोही बिचारा, दुःखाचं घर आहे म्हणून काही न विचारता आला.

वडिलांचं तोंड पांढरं पडलं. तेव्हा जे सगळ्यांत वडीलधारे होते त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. पाहुणे माझ्या उजवीकडं बसलेत." मग त्यांनी शेजारच्याला विचारलं, तुम्ही काही ऐकलंत का? तो नाही म्हणाला. असं करत प्रश्न सगळ्या खोलीत फिरला. कोणीच काही ऐकलं नव्हतं. वडिलांनी पाहुण्याला डबा बांधून दिला आणि स्टेशनवर पोचवलं. सोबत हे फायरमनही गेले. परत येताना वडील एवढंच म्हणाले, पोरीला कळू देऊ नका, आईची प्रार्थना अपुरी राहिली असं तिला वाटेल.

मी तो निरोप दोनदा ऐकला. रडू आलं नाही. एखाद्या मुलानं वेगळ्याच पद्धतीनं गणित सोडवलेलं असावं आणि ते बरोबर की चूक हे लगेच सांगता येऊ नये, तसं काहीसं वाटलं. वडिलांनी ती गोष्ट माझ्यासमोर निदान शंभर वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी ते बरोबर त्याच जागी थांबले.

सोमवारी गोदामात मी अक्कांना फोन कानाला लावून दिला. त्या शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होत्या. मी त्यांना सांगितलं की नियमानं पाहिलं तर तो माणूस धरता येत नाही, म्हणजे नऊच झाले.

अक्का म्हणाल्या, "तो फलाट सोडून आला, बसला, आमेन म्हनला. मग धाच झाले की."

मी नियम पुन्हा समजावून सांगितला. त्यांनी मान हलवली, नियम कळला म्हणून, आणि मत बदललं नाही.

त्या गृहस्थांना विचारून आम्ही त्यांना फोनवर घेतलं. पाहुण्याची गोष्ट दहा मिनिटांत झाली. उरलेला तास अक्कांनी त्यांना इंजिनाबद्दल विचारलं, आणि तिकडं शेंगाचटणी मिळते का ते विचारलं. मुलगी घरीच कुटते, पण मिरची घालायला घाबरते, असं ते म्हणाले. कोळसा ओढताना उन्हाळ्यात काय व्हायचं ते त्यांनी इतकं बारकाईनं सांगितलं की मी मध्ये बोलायचं विसरले. हसतही होते, स्वतःवरच. आमच्या लोकांचा तो जुना हसण्याचा आवाज मला कित्येक वर्षांनी ऐकायला मिळाला. त्या भागावर मी काटछाट जवळजवळ केलीच नाही.

तो भाग ऐकून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. तो इस्राएलमध्ये लोदला असतो, तिकडं गेल्यावर धर्माचं फार पाळू लागला. तो चिडला होता. म्हणाला, हे जगाला सांगायची काय गरज होती, ती प्रार्थना लागू होत नाही, आणि वडिलांनी मला सांगितलं असतं तर मी तेव्हाच दुसरी करवून घेतली असती. तेव्हा तू तीन वर्षांचा होतास, असं मी म्हणाले. भाग काढून टाक, असं त्यानं दोनदा सांगितलं. मी नाही म्हटलं. आमच्यात भांडण असं झालं नाही, पण दर आठवड्याला यायचा तो त्याचा फोन बंद झाला.

मी त्याला समजावायला गेले नाही. आईसाठी तो दर वर्षी तिथं दहा जणांत उभा राहतो, हे मला माहीत आहे. मला ते बरं वाटतं.

पावसाळ्यानंतर आम्ही कीर्तनावर भाग केला. आमच्यातही मराठी कीर्तनं असत, अभंगाच्या चालीवर, जुन्या करारातल्या कथांची. मला एका आख्यानाची सुरुवात आठवत होती, ती मी म्हणून दाखवली; पुढचं आठवत नाही, हेही सांगितलं. भाग आल्यावर दोन दिवसांनी भावाचा आवाजी निरोप आला. नमस्कार नाही, चौकशी नाही, त्यानं थेट गायला सुरुवात केली होती. पाच कडवी, मध्ये एकदा खोकला. शेवटी म्हणाला, तू म्हटलेली चाल चुकीची आहे, वडील अशी म्हणायचे.

ते गाणं आम्ही पुढच्या भागात घातलं. अक्कांनी ऐकताना विचारलं, कोण हाय हे, आवाज तुमच्यासारखाच वाटतोय. मी म्हणाले, माझा भाऊ. अक्कांनी परत एकदा लावायला सांगितलं आणि म्हणाल्या, तिसरं कडवं समजलं न्हाय, त्याला जरा सावकाश म्हणायला सांगा. मी तसं त्याला कळवलं.