बाबांच्या पाळीचा पहारा

त्या वर्षी देवावरचा माझा विश्वास पार आटला होता. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी बुलढाण्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि ऐन दिवाळीत बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. उंद्रीला आमचा वांगी, मिरची, मेथीचा मळा. घर मळ्यावर चालायचं आणि मळा बाबांच्या मोटेवर. मला भाऊ नाही, बहिणी आपापल्या सासरी. माय एकटी बैल हाकून मोट कशी धरणार? मी सुट्टीला येऊन पाणी द्यायचो, पण तोवर मिरचीनं माना टाकलेल्या असायच्या. त्या सुकल्या रोपांकडे पाहिलं की पुस्तकातलं एक अक्षर डोक्यात शिरत नसे.

मामांनी खटपट करून दुसरबीडच्या शाळेत माझ्यासाठी मास्तरकीची जागा पाहिली. पगारातून मळ्यावर गडी ठेवता आला असता. अट एकच, नेमून दिलेल्या दिवशी दुपारच्या आत बुलढाण्याच्या कचेरीत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. म्हणजे कॉलेज सोडायचं. मला तर शिकायचं होतं, जीव तोडून शिकायचं होतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. बाबांना विचारलं तर ते आढ्याकडे बघत राहिले. विठ्ठलाच्या देवळात बसून त्यालाही विचारलं. तो कमरेवर हात ठेवून उभा होता तसाच उभा राहिला. शेवटी चिडून मीच ठरवलं, नोकरीला जायचं. मी नाही सावरलं तर हे घर कोण सावरणार?

नेमका तेव्हा गावात माघातला सप्ताह बसला होता. आमच्याकडे सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते आणि तो माणूस उभ्यानं नाम घेत राहतो. पाळी संपली की पुढचा येतो, विणेकऱ्याच्या पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. तो येईपर्यंत जागचं हलायचं नाही. पहाटेचा पहारा दरवर्षी बाबांचा असायचा. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी डाव्या हातानं मला जवळ बोलावलं आणि मोठ्या कष्टानं एवढंच म्हणाले, "वीना... माही पाळी." नाही म्हणायची छाती झाली नाही. पहाटे उभं राहू, उजाडलं की पुढच्या पाळीचे सखारामकाका येतील आणि खामगावहून चिखलीमार्गे बुलढाण्याला जाणारी सकाळची मोटार धरू, असा मी हिशेब केला. कपड्यांची पिशवी देवळाच्या खांबाशी ठेवली आणि वीणा गळ्यात घेतली.

उजाडलं. ऊन मंडपात आलं. सखारामकाकांचा पत्ता नाही. हे काका बाबांचे जुने सोबती, भजनातले पहिले टाळकरी, कधी पाळी न चुकवणारे. दोन म्हातारे बसल्या जागी टाळ वाजवत होते, पण त्यांना उभं राहवत नव्हतं. बाकीचे पंगतीसाठी लाकूडफाटा आणायला गेलेले. एवढ्यात सडकेवर मोटारीचा भोंगा वाजला. तोंडानं विठ्ठल विठ्ठल चाललं होतं आणि मनात मी त्याच विठ्ठलाला नको नको ते बोलत होतो. शिकूही देत नाहीस आणि कमवूही देत नाहीस, मग माझ्याकडून तुला हवंय तरी काय?

तेवढ्यात एक अनोळखी माणूस मंडपात आला. धुळीनं मळलेलं धोतर, खांद्यावर घोंगडी, वय बाबांएवढं. सरळ येऊन तो माझ्या पायावर डोकं ठेवता झाला. मी ओशाळलो.

"द्या माऊली, मी उभा राह्यतो," तो म्हणाला. "तुमचं ध्यान सडकेवर हाय. मोटार हाय अजून, इंजनात पानी टाकून राह्यले."

वीणा त्याच्या गळ्यात गेली. त्याच्या पाया पडून मी पिशवी उचलली आणि पळत सुटलो.

सडकेला लागून आमचा मळा. पळता पळता कानावर मोटेच्या चाकाची कुरकुर आली आणि मी थबकलो. आमच्या विहिरीवर सखारामकाका स्वतःचे बैल जुंपून मोट हाकत होते. पाणी पाटातून मिरचीच्या वाफ्यात चाललं होतं. माझं डोकंच फिरलं.

"काका, पहारा तुमचा होता. मी तिथं अडकून पडलो."

"हाव, माहाच होता," ते शांतपणे म्हणाले. "पन वीना तुह्या गळ्यात होती, म्हनून मी बिनघोर होतो. ते कोनी खाली ठेवत नाही. इथं मिरची सुकून राह्यली, तिले कोन होतं?"

त्यांनी बैल थांबवले.

"आमी टाळकऱ्यायनं पाळ्या वाटून घेतल्या, बापू. आज मी, उद्या गनपत. तुही परीक्षा होयेपर्यंत मोट चालते."

"मग मले काऊन नाही सांगितलं?"

"तू कवा इचारलं? येते, तोंड पाडून पानी देते अन् जाते."

सडकेवर मोटार सुरू झाली. कंडक्टरनं माझी पिशवी पाहून हाक मारली. जावं की राहावं, याचा विचार मी केला असं म्हणता येणार नाही. मी बांधावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. मोटार गेली. काकांनी पुन्हा बैल हाकले.

देवळात परत आलो तेव्हा वीणा गणपतच्या गळ्यात होती. तो घोंगडीवाला कुठला, कुठं गेला, कोणालाच सांगता येईना. त्यानं रीतीप्रमाणे पहारा दिला आणि पंगतीला न थांबता निघून गेला, एवढंच कळलं. तो कोण होता याचा शोध मी पुढं कधी घेतला नाही. वाटसरू असेल. वाटसरूच्या रूपानं दुसरं कोणी आलं असेल, तर तेही मी हात जोडून मान्य करतो.

घरी आलो. बाबा जागे होते. नोकरीचं त्यांनी विचारलं नाही, मी परत कसा आलो हेही नाही.

"वीना... कोनाले देल्ली?"

"ओळखीचा नव्हता, बाबा."

"खाली तं नाही ठेवली?"

"नाही."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. अर्धंच, पण हसू.

परीक्षा झाली, पदवी मिळाली. मामा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बाबा पुन्हा वीणा घेऊन उभे राहू शकले नाहीत, ती पाळी माझ्याकडे आली. आजही संकट आलं की मी आधी घाबरतोच. मग ती सकाळ आठवते. मी हात सोडला तर सगळं कोसळेल, असं मला वाटत होतं. मी हात सोडला, आणि काहीच कोसळलं नाही. पांडुरंगा, तुझे उपकार.