मिठागरावरचं विमान

काशीरामाला पनवेलात वेडा म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी फार भला माणूस आहे असा कुणाचा समज व्हायला नको. मी तेव्हा पनवेलच्या पोस्टात होतो. सडाफटिंग, खानावळीत जेवणारा, तोंडाचा फटकळ. रविवारी खोली खायला उठायची म्हणून खाडीच्या बाजूला चालत सुटायचो. तिथे मिठागराच्या बांधावर काशीरामाची झोपडी होती.

पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत त्या मिठागरात एक लढाऊ विमान पोटावर उतरलं. हरिकेन जातीचं. हवेतच इंजिन बंद पडलं होतं. चार वाफे मोडत ते झोपडीपासून हाकेच्या अंतरावर थांबलं. आतून तेजपाल नावाचा पंजाबी पोरगा बाहेर आला, वीस-एकवीस वर्षांचा, कपाळ फुटलेलं. काशीरामाच्या बायकोनं, जनीनं, त्याचं कपाळ धुतलं, त्याला भाकरी आणि सुकट वाढली, आणि रात्री आपल्या घोंगडीवर झोपवलं. दुसऱ्या दिवशी लष्कराची माणसं आली. त्यांनी विमानाच्या बंदुका उतरवल्या, पुढच्या आठवड्यात इंजिन काढून नेलं, आणि उरलेला सांगाडा कुणाला नको होता म्हणून तिथेच टाकला. तेजपालनं मात्र जाताना काशीरामाचे दोन्ही हात धरले होते. "चाचा, इसको संभालना. मैं आऊंगा."

निघताना आपण सगळेच काहीबाही बोलतो. पण काशीरामाच्या घरात शेजारणीचं पातेलंसुद्धा घासूनपुसून, आत मूठभर काहीतरी घालूनच परत जायचं. त्यानं सहा बैलजोड्या लावून विमान बांधावर ओढून घेतलं आणि वर झावळ्यांचा मांडव घातला.

आणि मग त्यानं ती चूक केली. मिठागरात जन्म गेलेला माणूसच करू शकेल अशी. त्यांच्याकडे टिकवायची वस्तू म्हणजे मिठात घालायची वस्तू. मासळी मिठात, कैरी मिठात, होडीच्या फळ्यांच्या सांध्यांतसुद्धा मीठ भरायचं, लाकूड कुजू नये म्हणून. पावसाळ्याच्या तोंडावर नवराबायकोनं मोठ्या मायेनं अकरा गोणी मीठ विमानाच्या पंखांत आणि पोटात भरलं. सप्टेंबरात पाहिलं तर पत्रा पापडासारखा फुगून आला होता. बोटानं दाबला की पांढरा भुगा हातात येई.

बाजारातला नियाज पत्रेवाला बघायला आला आणि त्यानं कपाळाला हात लावला. "अरे काशीराम, भल्या माणसा, ह्या पत्र्याला मीठ म्हणजे जहर!"

काशीराम त्या दिवशी जेवला नाही. जनीनंच मला पुढे सांगितलं. रात्रभर म्हणे तो एकच वाक्य घोकत होता, "लोकाची वस्तू मी माझ्या हातान खाल्ली." साहेब येईल तेव्हा विमान जसं होतं तसं उभं असलं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. ते शेवटपर्यंत गेलं नाही.

मग सुरू झालं ते बांधकाम. मी पहिल्यांदा बघायला गेलो ते टिंगल करायलाच. या विमानाची मागची बाजू लोखंडी नळ्यांची, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून शिवलेलं कापड. काशीरामानं पूर्वी होड्यांची कामं केली होती, त्यामुळे हे त्याला अंगवळणी पडल्यासारखं होतं. कुजलेली पट्टी एकेक करून काढायची, तिच्या मापाची सागाची पट्टी तासायची, वाकवायची, बसवायची. वरचं कापड शिडाचं, दुहेरी टाक्यानं शिवलेलं, राळ आणि तेल पाजलेलं. पंखांचा पत्रा मिळवायला नियाज मुंबईहून लढाईचं भंगार आणायचा. त्या बदल्यात काशीराम त्याच्या घरी वर्षाचं मीठ आणि सुकी मासळी पोचवायचा. नाकावरच्या पंख्याची तिन्ही पाती उतरतानाच मोडली होती. बुंध्याला उरलेल्या तुकड्यांवरून त्यांचा पीळ जोखत त्यानं सागाची तीन पाती तासली. दोनदा चुकली, ती चुलीत घातली. तिसऱ्यांदा जमली तेव्हा माझी टिंगल माझ्याच घशात अडकली.

"पण इंजिन?" मी विचारलं.

"ते साहेब घेऊन येतील ना, मास्तर. त्यांच्याच मानसांनी नेलंय." पोस्टातला म्हणून तो मला मास्तर म्हणायचा.

मांडवाच्या दोन्ही बाजूंना मिठाचे वाफे, खारा वारा आठही प्रहर. म्हणून विमान रोज गोड्या पाण्यानं धुवायचं. गोडी विहीर अर्ध्या मैलावर. जनी सहा हंडे आणायची, त्यातले चार विमानाचे. मागून गावातल्या बाया हसायच्या, "काशीरामाच्या इमानाला रोज आंगोळ, बायकोला आठ दिवसान एकदा!" मला तिथे ताडगोळे मिळत, सुकट मिळे, पाणी मात्र कधी कुणी विचारलं नाही. मी घरून बाटली न्यायचो.

सेहेचाळीसपासून दर दिवाळीला मी त्याच्या वतीनं दिल्लीला, हवाई दलाच्या कचेरीला, इंग्रजीत पत्र लिहायचो: आपलं विमान सुरक्षित आहे, तेजपाल साहेबांना कळवावं. आधी मी हे हसत हसत लिहिलं. पुढे हसू येईनासं झालं. चौथ्या पत्राला उत्तर आलं. एकोणपन्नासचा नोव्हेंबर. टपालाची पिशवी मीच फोडली, पाकीट मीच उघडलं. चार ओळी होत्या. तेजपाल एप्रिल पंचेचाळीसमध्ये ब्रह्मदेशात मारला गेला होता. म्हणजे काशीरामानं मीठ भरलं त्याच्याही आधी.

त्या रविवारी ते पत्र खिशात घालून मी गेलो. काशीराम पंखाखाली उताणा पडून रिबिटा ठोकत होता आणि जनी त्याच्या हातात एकेक देत होती. मला बघून तो उठला, हात पुसले, आणि असा हसला की या जगात माझी वाट बघणारा तो एकच माणूस आहे हे मला कळलं. मी सांगितलं नाही. घरी येऊन पत्र टेबलाच्या खणात टाकलं. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. खरं कारण हे की विमान थांबलं असतं तर मला तिकडे जायला निमित्त उरलं नसतं. लाज वाटते, पण तसंच आहे.

एक्कावन्नमध्ये जनी भावाकडे करंजाड्याला निघून गेली. भांडण झालं नव्हतं. कंबर कामातून गेली होती, हंडे उचलवेनात, आणि काशीराम काही थांबेना. जाताना काय म्हणाली ते त्यानं मला सांगितलं. "तुज्या साहेबाचा कागद आला का मला बोलव. तवर हे पानी मना झेपायचं नाय."

मी ऐकलं आणि मान हलवली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण आता सांगायचं म्हणजे दीड वर्ष का गप्प बसलो तेही सांगावं लागणार होतं, आणि माझी तेवढी छाती नव्हती. त्रेपन्नच्या आश्विनात जनी तापानं गेली. काशीराम माती देऊन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेला. ती भावाकडे गेल्यापासून चार हंडे तोच आणायचा, दोन खेपांत.

सत्तावन्न साली विमान पुरं झालं. खोटं बोलत नाही, झावळ्यांतून उन्हाचे पट्टे पडत तेव्हा ते आत्ताच उतरलंय असं वाटायचं. बघायला मी एकटाच. गावाचं हसूनही झालं होतं, विसरूनही झालं होतं. संध्याकाळी तो पायलटच्या बैठकीच्या बाजूला, पंखाच्या मुळाशी बसायचा आणि रस्त्याकडे बघायचा. "काय मास्तर, कागद?" "सरकारी काम, काशीराम." एवढंच आमचं बोलणं.

अठ्ठावन्नच्या मे महिन्यात माझी रत्नागिरीला बदली झाली. खण रिकामा करताना पाकीट हाती आलं. तसाच उठून भर उन्हात मिठागरावर गेलो. तो नुकता पाणी आणून टेकला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मराठीत वाचूनही दाखवलं.

त्यानं पाकीट हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाला, "एप्रिलमंदी गेलं? मंग मीठ त्यांनी नाय बघितलं." त्याच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं, आणि मला वाटलं, सुटलो.

"कागद कवा आला, मास्तर?"

खोटं बोलता आलं असतं. तारीख त्याला थोडीच वाचता येणार होती. पण नाही बोललो. "एकोणपन्नासला. दिवाळी झाल्यावर."

काशीराम विमानाकडे बघत नव्हता. विहिरीच्या पायवाटेकडे बघत होता.

"जनी तवा घरात व्हती," तो म्हणाला.

तो ओरडला असता, अंगावर धावून आला असता तर फार बरं झालं असतं. तो उठला, झोपडीत गेला, लोटा घेऊन आला, विमानासाठी आणलेल्या हंड्यात बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"प्या," तो म्हणाला. "उनातून आलाव."

मी प्यायलो. त्यानं लोटा परत घेतला, पुन्हा भरून दिला आणि खाली टेकला. बारा वर्षांत त्या घरचं पाणी मी पहिल्यांदाच पीत होतो. मांडवात अजून तीन हंडे काठोकाठ भरलेले होते, आणि ते उचलायला तो उठला नाही.