लातूरच्या घराचं भाडं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या ओळखीचे नाहीत — आणि आता गिळून गिळून वैताग आलाय.

मी कॅनडात राहतो. लातूरला क्लासेसच्या भागात माझं तीन मजली घर आहे. खोल्या डॉक्टरकीच्या क्लासला आलेल्या पोरींना भाड्यानं दिल्यात. खाली माझा धाकटा भाऊ दिगू राहतो, बायको-पोरीसकट. डाळ मिलमध्ये वजनकाट्यावर बसायचा, आणि घरी आला की पाण्याचा टँकर, गीझर, पोरींची भांडणं — सगळं तोच निस्तरायचा. भाडं गोळा करून माझ्या खात्यात टाकायचा. स्वतःला एक रुपया ठेवला नाही.

आता इथला नियम असा, की एकदा इथले रहिवासी झालात की जगात कुठंही कमवा, इथं दाखवा. मला धडकीच भरली. पगारातून आधीच एवढा कर कापतात — वर लातूरचं भाडंही ह्या करवाल्यांना सांगायचं? का म्हणून? पैसा माझा, बांधकामावर उन्हात उभा राहिला दिगू, ह्यांचा काय संबंध? असा चडफडत बसलो. तिकडं भरलेल्या कराची इथं वजावट मिळते, वरचा थोडाच भरावा लागला असता, हे फार नंतर कळलं. तेव्हा विचारायलाही गेलो नाही.

मी दिगूला फोन केला. म्हटलं, भाड्याचे करार तुझ्या नावावर कर, रिटर्नही तूच भर, कराचं मी बघतो. दुसऱ्या कुणी कारण विचारलं असतं. दिगू म्हणाला, "दादा, आपल्यात तुझं-माझं कवापासून?" — आणि सह्या करून मोकळा झाला. आमच्याकडं भावाभावांत असंच चालतं. मला ते पक्कं माहीत होतं, म्हणूनच तर त्याला फोन केला.

मग त्याच्या पोरीला, प्राजूला, आयुर्वेदाच्या कॉलेजात जागा मिळाली. कॉलेज खाजगी, फी माफ झाली तरच जमणार होतं. आणि तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला मिळाला तो मर्यादेच्या वरचा. भाडं बापाच्या नावावर होतं ना!

दिगूचा फोन आला. "दादा, तहसीलचे साहेब म्हणतेत, घरमालकानं लिहून द्यावं की भाडं भावाचं नाही, माझं हाय, मग बघतो. तेवढं लिहून दे."

एवढंच. पण ते लिहून दिलं की माझी लबाडी माझ्याच सहीनं उघडी पडणार. मी म्हटलं, विचारून सांगतो. दोन दिवसांनी सांगितलं — इथल्या वकिलाला विचारलं, परदेशातून लिहून दिलेलं तिकडं चालत नाही.

वकील कसला? मी कुणालाच विचारलं नव्हतं. टरकलो होतो, बस्स. वर दिगूसोबत तहसीलवाल्यांना शिव्या घातल्या. फी मी भरतो, असंही तोंडातून निघालं नाही. नुकतंच इथं घर घेतलं होतं. मुदत गेली, जागा गेली. दिगू उलट मलाच समजावत होता, "जाऊ दे दादा, तू तरी काय करशील."

चीड कुणाची येते सांगू? कधी ह्या करवाल्यांची, कधी तहसीलची — आणि खरं म्हणजे दिगूचीसुद्धा. एकदा तरी का नाही संशय घेतला माझा? घेतला असता तर मी कबूल केलं असतं — की आणखी एक थाप मारली असती? मारलीच असती.

प्राजू आता बीएस्सी करते, आणि बापाला आता होत नाही म्हणून घराचं सगळं तीच बघते. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरींना क्लासच्या वेळेला उठवते, गीझर लावते, भाडं गोळा करते. दर महिन्याला तिचा मेसेज येतो — काका, भाडं टाकलं.

कालही आला. मी लिहिलं, मिळालं.